एकीचं काढलं की दोघींचं झालं

"कागदावर तुमची बायको ठणठणीत आहे," डॉक्टर मुजावर म्हणाल्या.

उत्तरा माझ्या शेजारीच बसली होती. डाव्या गुडघ्याला पट्टा, आणि दंडावर बोराएवढा निळा डाग, कारण आदल्या दिवशी रिक्षातून उतरताना दांडी लागली होती. तिच्याकडे बघून दुसरं कुणी ठणठणीत म्हणालं असतं तर मी त्याला आधी डोळे तपासून ये म्हटलं असतं. पण डॉक्टरबाई चेष्टा करणाऱ्यातल्या नव्हत्या. चेहरा पडलेला होता त्यांचा.

उत्तराचं रक्त गोठत नाही. हिमोफिलिया. तिच्या वडिलांना, अण्णांना होता. हा आजार पुरुषांना होतो आणि बायका तो नुसता पुढच्या पिढीकडे पोचवतात, असं सगळीकडे वाचायला मिळतं. माझ्या बायकोच्या गुडघ्यांनी ते वाचलेलं नसावं. दर महिन्याला एक इंजेक्शन घेऊन तिनं तिशी गाठली होती. पाण्यात लागण्या-पडण्याची भीती नाही म्हणून ती लहानपणी पोहायला शिकली आणि आता महापालिकेच्या तलावावर पोरांना शिकवते. पण दोनेक वर्षांपासून तिचं शरीर त्या इंजेक्शनाला जुमानेनासं झालं. विषाणूवर लादून जनुक आत पोचवायची थेरपी आता सगळीकडे मिळते, तीही तिला चालेना, कारण त्या विषाणूला ओळखणारी प्रतिपिंडं तिच्या रक्तात आधीपासूनच होती. गेल्या वर्षी मेंदूत रक्तस्राव झाला. त्यातून वाचली. पुन्हा झाला तर सांगता येत नाही, असं डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, आणि तिनं ते माझ्या चेहऱ्यावरून वाचलं. तेव्हा आमची सगळी भिस्त मिरजेच्या या संशोधन केंद्रावर होती. इथं एका नव्या औषधाची चाचणी सुरू व्हायची होती, आणि त्यात उत्तराचा नंबर जवळजवळ लागलाच होता.

"मला जरा समजावून सांगा," मी म्हणालो. "मी फवारणीचे ड्रोन दुरुस्त करतो. तेवढ्या बेतानं सांगा."

डॉक्टरबाईंनी खुर्ची पुढे ओढली. "बाईच्या प्रत्येक पेशीत एक्स गुणसूत्रं दोन असतात. एक आईकडचं, एक वडिलांकडचं. दोन्ही एकदम चालून उपयोग नसतो. म्हणून गर्भ अगदी इवलासा असतो, तेव्हाच प्रत्येक पेशी दोनातलं एक झोपवून टाकते. कुठलं झोपवायचं, ते नाणेफेकीसारखं ठरतं. पण एकदा ठरलं की ठरलं. त्या पेशीपासून पुढे जेवढ्या पेशी होतील, त्या सगळ्या तेच गुणसूत्र झोपलेलं ठेवतात. जन्मभर."

"पुढच्या पेशींना कसं कळतं, कुठलं ते?"

"डीएनएचा धागा रिळांवर गुंडाळलेला असतो. प्रथिनांची रिळं, त्यांना हिस्टोन म्हणतात. जो भाग झोपवलाय तिथल्या रिळांवर बारीक रासायनिक खुणा असतात, हा भाग उघडायचा नाही अशा अर्थाच्या. पेशी विभागायच्या आधी धाग्याच्या दोन प्रती होतात. जुनी रिळं दोघींत वाटली जातात, साधारण निम्मी हिच्याकडे, निम्मी तिच्याकडे. मधे मधे जागा रिकाम्या पडतात, तिथं नवी कोरी रिळं येऊन बसतात. मग एक एन्झाइम जुन्या रिळावरची खूण वाचतं आणि शेजारच्या कोऱ्या रिळावर तशीच उमटवतं. धाग्यावरची अक्षरं तीच असतात. कुठला भाग मिटलेला ठेवायचा, एवढी आठवण पेशी आपल्या लेकींना देते."

मला रिळं कळली. आमच्या शेजारी शिवणकामाचं दुकान आहे.

"हिमोफिलियाचं बिघडलेलं जनुक वडिलांकडच्या एक्सवर. आईकडच्या एक्सवर चांगलं. बहुतेक बायकांत निम्म्या पेशी इकडचं झोपवतात, निम्म्या तिकडचं, आणि भागतं. तुमच्या मिसेसच्या बाबतीत बहुतेक सगळ्याच पेशींनी आईकडचं झोपवलं असणार, असं आम्ही धरून चाललो होतो. आमचं औषध यकृतात जातं, त्या एका जनुकापाशी ठाण मांडतं आणि खुणा उमटवणाऱ्या एन्झाइमला तेवढ्याच जागी अडवतं. पेशी विभागली की नवी रिळं कोरीच राहतात. खुणा निम्म्या होतात. पुढच्या वेळी निम्म्याच्या निम्म्या. अशा विरत विरत इतक्या कमी होतात की झोपलेलं जनुक जागं होतं."

"मग अडलं कुठं?"

"रक्ताच्या नमुन्यात आईकडचं जनुक जागंच आहे. जागं असलेलं काय जागवणार? म्हणजे रक्त न गोठण्याचं कारण दुसरंच काहीतरी आहे आणि ते मला माहीत नाही. या चाचणीत मी त्यांना घेऊ शकत नाही."

"नमुन्यांची अदलाबदल झाली नसेल?"

"मलाही तेच वाटलं. जुन्या नोंदीतल्या डीएनएशी जुळवून पाहिलं. तंतोतंत जुळतो."

उत्तरानं पर्स उचलली, डॉक्टरबाईंना नमस्कार केला आणि म्हणाली, "तुम्ही वाईट वाटून घेऊ नका." हे तिनं म्हणावं याचा मला राग आला. पण राग धरायला समोर कुणी नव्हतं.

सांगलीला पोचेपर्यंत ती खिडकीबाहेर बघत होती. घरी पूर्वाताई भाकऱ्या करून वाट बघत बसलेली. ही उत्तराची जुळी बहीण, थोडी आधी जन्मलेली, आणि त्या थोड्याची ताईगिरी जन्मभर गाजवणारी. पाटबंधारे खात्यात कृष्णेच्या पुराचे अंदाज बांधायचं काम करते. आमच्याच घरात वरच्या मजल्यावर राहते. लग्न केलं नाही, गाव सोडलं नाही. का, हे आम्ही कुणी बोलत नाही, कारण सगळ्यांना माहीत आहे. दोघी इतक्या सारख्या की लग्न ठरलं तेव्हा मला भलतीच धास्ती होती. पण तिसऱ्या भेटीत युक्ती सापडली. हातांवर निळे डाग असतील ती माझी.

जेवण कुणाला गेलं नाही. दंडावरच्या डागावर बर्फ लावायला म्हणून मी उत्तराची बाही वर केली. कोपराच्या आतली बाजू स्वच्छ होती. साधी सुई टोचली तरी तिथं पंधरा-पंधरा दिवस जांभळं राहतं, आणि मिरजेला रक्त देऊन आठवडाच झाला होता.

"सुईची खूण कुठाय?" मी विचारलं.

"कुठली सुई?"

"मिरजेला रक्त दिलंस ती."

"ते पूर्वानं दिलं की." दूध कुणी आणलं ते सांगावं तसं तिनं सांगितलं.

मी पूर्वाताईकडे बघितलं. ती ताटं उचलत होती. "असं काय बघताय दाजी? गोठण्याची तपासणी असली की तिचं काढतात. बाकीचं मीच देते. रक्तगट, हिमोग्लोबिन, जनुकं, सगळं. हिला कशाला उगाच टोचायचं? चेहरा ओळखणाऱ्या कॅमेऱ्याला तर आम्ही दोघी एकच वाटतो."

नमुना द्यायच्या दिवशी मी तासगावला द्राक्षांच्या फवारणीवर होतो. दोघीच गेल्या होत्या. मग हळूहळू सगळं बाहेर आलं. ही पद्धत अण्णांनी घातलेली. स्वतः जन्मभर सुयांनी सोललेला माणूस. लेकीला वाचवता येईल तेवढं वाचवायचा. डॉक्टरच म्हणाले होते, दोघींचं सारखंच आहे. तेव्हापासून अण्णांचं ठरून गेलं, एकीचं काढलं की दोघींचं झालं. पूर्वा चार वर्षांची असल्यापासून हात पुढे करत आली. लपवाछपवी नव्हती त्यात, म्हणून तर आजवर कुणी मला सांगितलं नाही. आपण अंघोळ करतो हे का कुणी कुणाला सांगतं?

"ताई," मी म्हणालो, "तुमचा धागा एकच आहे. रिळं एक नाहीत."

मग डॉक्टरबाईंनी सांगितलेलं सगळं मी माझ्या मोडक्यातोडक्या भाषेत सांगितलं. सांगून होईपर्यंत पूर्वाताई ताटं हातात घेऊन तशीच उभी होती. मग तिनं ती खाली ठेवली आणि पदराला हात पुसले. ड्रेसवर होती ती, पदर नव्हताच.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं मिरजेला. डॉक्टर मुजावरांनी ऐकून घेतलं, उठून खिडकीपाशी गेल्या. वळल्या तेव्हा हसत होत्या की चिडल्या होत्या, ते मला नीट कळलं नाही.

"चार रात्री मी झोपले नाही तुमच्यापायी," त्या म्हणाल्या. "माझी सगळी मांडणीच चुकली, असं वाटत होतं. पण नियम स्पष्ट आहे. नमुना खोटा निघाला की माणूस चाचणीतून बाद."

"शिक्षा मला करा," पूर्वाताई म्हणाली. "तिचा काही दोष नाही. तिला मीच म्हटलं, तू बस, मी जाते."

"मी बसले की," उत्तरा म्हणाली. "मला पाय नव्हते का उठायला?"

"तू गप."

"तूच गप."

डॉक्टरबाईंनी दोघींना गप केलं. चाचण्यांवर देखरेख करणाऱ्या नीतिसमितीपुढं विषय ठेवते, तिथं काय होईल ते सांगता येत नाही, असं म्हणाल्या. मग पूर्वाताईनं खालच्या आवाजात विचारलं, "तो नमुना माझा. म्हणजे माझ्यात चांगलं जागं आहे?"

"हो. जवळजवळ सगळ्या पेशींत."

"आणि हिच्यात उलटं."

"तसंच असणार. सुरुवातीला गर्भ एकच होता. त्याचे दोन भाग झाले, तेव्हा एका बाजूला बहुतेक अशा पेशी गेल्या, दुसऱ्या बाजूला तशा. जुळ्यांमध्ये क्वचित होतं असं."

पूर्वाताईला रडू फुटलं. इतक्या वर्षांत मी तिला रडताना बघितलं नव्हतं. उत्तरा मेंदूच्या ऑपरेशनला आत होती तेव्हाही नाही. "म्हणजे चांगलं ते मी घेऊन आले," ती म्हणाली. "हिच्या वाटणीचंसुद्धा. आणि वर जन्मभर सुया खाऊन उपकार केल्याचं समाधान."

"पूर्वा, वेड लागलंय का तुला?" उत्तरानं तिचा हात धरला. "घ्यायला तुला हात तरी होते का तेव्हा?"

"आई-अण्णांनी दोन मुली म्हणून वाढवलं. मला वाटायचं, आम्ही एकच. तिला होतंय ते मला होत नाही, एवढाच काय तो फरक. तो फरकच मी होते."

डॉक्टरबाई पुढे आल्या. त्यांचा आवाज आता दवाखान्यातला नव्हता. "अहो, पेशी ठरवत होत्या तेव्हा तुम्ही दोघी नव्हताच. एक होतात. घेणारं कुणी नव्हतं आणि गमावणारंही कुणी नव्हतं. पेशींनी पुढं जे पोचवलं ते मुकाट पोचवलं. तुम्ही जे पोचवलंत ते तुमचं आहे. दोन्ही एकात कालवू नका."

पूर्वाताईनं मान हलवली, पण तिला ते पटलं नव्हतं. घरी जाताना ती मागच्या सीटवर अंग चोरून बसली आणि उत्तरा सगळा रस्ता तिच्या खांद्यावर डोकं टाकून बसली. मला आरशातून दोघी दिसत होत्या. मी गाडी नेहमीपेक्षा हळू चालवली.

समितीचा निर्णय यायला बरेच दिवस लागले. शेवटी निरोप आला. उत्तराला एक संधी मिळणार होती, पण नवा नमुना द्यायचा कॅमेऱ्यासमोर, ओळख पटावी म्हणून बोटावर शाई लावून, आणि जुळ्या बहिणीनं त्या वेळी केंद्राच्या आवारातसुद्धा यायचं नाही.

तेव्हा पूर्वाताई फाटकाबाहेर चहाच्या टपरीवर बसली, आणि आत उत्तराबरोबर मी. परिचारिकेनं सुई काढली आणि कापूस दाबायचं काम माझ्याकडे आलं. मी अंगठ्यानं असा दाबला, जसा काही ड्रोनचा नट घट्ट बसवतोय.

"जोर नको," उत्तरा म्हणाली. "नुसतं धरून ठेव. आणि बोल. पूर्वा बोलत असते."

"काय बोलते?"

"काहीही. नदीची पातळी सांगते. कुठल्या धरणातून किती पाणी सोडलं ते."

मी तिला पंख्यांबद्दल सांगितलं. चार पंख्यांतले दोन सुलटे फिरतात, दोन उलटे, नाहीतर ड्रोन स्वतःभोवती गरगरत बसेल. तिला हे पाठ होतं, तरी ती ऐकत राहिली. कापूस दोनदा बदलावा लागला. एवढ्या वर्षांच्या संसारात हे काम माझ्याकडे कधी आलं नव्हतं, आणि आलं नव्हतं हे त्या दिवसापर्यंत माझ्या लक्षातही आलं नव्हतं. रक्त थांबलं तेव्हा माझा अंगठा बधिर झाला होता. उत्तरा म्हणाली, "जमलं की तुला."

अहवाल पूर्वाताईच्या अगदी उलटा आला. आईकडचं जनुक गाढ झोपलेलं, खुणांनी गच्च भरलेलं. डॉक्टर मुजावरांनी तो दाखवला तेव्हा त्यांना आनंद लपवता येत नव्हता, आणि असला अहवाल पाहून आनंद व्हावा याचं आम्हा तिघांनाही हसू आलं.

औषधाचा डोस एका सकाळी दिला, आणि पुढं नुसतं वाट बघणं. यकृतातल्या त्या पेशी निवांत विभागतात. घाई त्यांना माहीत नाही. पहिले कित्येक महिने काहीच हललं नाही. मग गोठवणाऱ्या घटकाचं प्रमाण किंचित वर आलं, पुढच्या वेळी आणखी थोडं. दंडावरचे डाग फिके पडत गेले आणि नवे येईनात. एकदा तलावाच्या ओल्या फरशीवर उत्तरा आडवी पडली. पोरांनी आरडाओरडा केला, मी हातातलं काम टाकून धावलो, आणि बाईसाहेब काठावर बसून गुडघा चोळत होत्या. नुसतं खरचटलं होतं. वर्ष होत आलं तेव्हा आकडा निरोगी माणसाच्या निम्म्यावर पोचला आणि डॉक्टरबाई म्हणाल्या, "आता तुम्ही पडू शकता." माझ्या बायकोला इतकी सुंदर परवानगी आजवर कुणी दिली नव्हती.

पूर्वाताई सगळ्यांना पेढे वाटून आली. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नेहमीसारखी खाली आली, उत्तराचे हात उलटसुलट करून बघितले, मगच कामावर गेली. तिसऱ्या दिवशीही तेच. त्या हातांवर आता बघण्यासारखं काही नव्हतं. ती तरी बघत राहायची, आणि उत्तरा बघू द्यायची. मला त्या दोघींची दया येई आणि ती कशी सांगायची ते कळत नसे.

याच सुमारास तिच्या ऑफिसातल्या एकांनी बोलता बोलता मला सांगितलं, की ब्रह्मपुत्रेच्या पुराचा अभ्यास करणारं एक केंद्र आसामात जोरहाटला आहे आणि ते पूर्वाताईंना पहिल्यापासून मागतायत. दोनदा बोलावलं होतं. दोन्ही वेळा घरी बहिणीची तब्येत बरी नसते म्हणून तिनं नाही कळवलं. आता तिसऱ्यांदा विचारलंय, आणि रविवारी त्यांचा व्हिडिओ कॉल आहे. मी हे घरी येऊन उत्तराला सांगितलं. ती भाजी परतत होती. तिनं गॅस बंद केला आणि तिथंच उभी राहिली.

रविवारी मी तासगावहून परतलो तर खाली कुणी नव्हतं. वर आवाज येत होता म्हणून जिना चढलो. पूर्वाताई पडद्यासमोर बसली होती. तिचा तो निळा कुर्ता, केस नेहमीसारखे वर बांधलेले, कामापुरता लावते तो चष्मा. समोर दोन पुरुष आणि एक बाई. ती इंग्रजीतून सांगत होती, की आधी घरची अडचण होती म्हणून नाही म्हणावं लागलं, आता माझी बहीण पूर्ण बरी आहे, पुढच्या महिन्यात मी येऊन रुजू होते. मी दारातच थबकलो. बरं वाटलं, आणि वाईटही वाटलं. ही बाई आमच्या घरातून जाणार म्हटल्यावर घर कसं दिसेल, ते मला एकदम दिसलं.

पडदा बंद झाला. मागून जिन्यावर पावलं वाजली आणि मेथीच्या जुड्या घेऊन पूर्वाताई वर आली.

मी आधी तिच्याकडे बघितलं, मग खुर्चीवरच्या बाईकडे. हातांवर बघायची सवय, म्हणून तिचे हात बघितले. दोन्ही स्वच्छ होते. माझ्या स्वतःच्या बायकोला मी ओळखलं नव्हतं.

पूर्वाताईला कळायला वेळ लागला नाही. मेथी खाली पडली. "कॉल दुपारी होता."

"मी सकाळचा करून घेतला," उत्तरा चष्मा काढत म्हणाली.

"कुणाला विचारून?"

"तू कुणाला विचारून माझ्या सुया खाल्ल्यास?"

"हे वेगळं आहे. तू त्यांच्याशी खोटं बोललीस."

"बोलले. मिरजेला एवढं होऊनसुद्धा बोलले. उद्या फोन करून तू त्यांना नाही म्हण, मी अडवणार नाही." तिनं वर बांधलेले केस मोकळे केले. "पण बहिणीची तब्येत बरी नसते, हे कारण तुला आता सांगता येणार नाही. बहीण बरी आहे. सांगितलंय मी त्यांना. दुसरं काहीतरी कारण शोध."

पूर्वाताई मेथी गोळा करायला म्हणून खाली बसली ती तिथंच बसून राहिली. "मला दुसरं येतच नाही गं काही," ती म्हणाली. "तुझ्याकडे लक्ष ठेवायचं सोडून मी काय करू?"

उत्तरा तिच्याशेजारी जमिनीवर बसली. गुडघा जरा कुरकुरला, पण बसली. "नदी आहे की तिथं. मोठी आहे. तिच्याकडे ठेव." मग तिला जवळ ओढून म्हणाली, "मी तुझ्याशिवाय मरेन असं मलाही वाटायचं. आता मरणार नाही म्हणतायत, तर बघू तरी दोघीजणी, कसं असतं ते."

मी खाली येऊन चहा टाकला. वरून रडण्याचा आवाज येत होता, एकीचा की दोघींचा ते कळत नव्हतं, आणि मी काही वर गेलो नाही.

दुसऱ्या दिवशी पूर्वाताईनं आमच्यासमोर बसून जोरहाटला फोन लावला. पलीकडच्या बाईंना वाटलं, काहीतरी विसरलं म्हणून केला असेल. पूर्वाताईनं घसा साफ केला.

"काल तुमच्याशी बोलली ती माझी बरी झालेली बहीण," ती म्हणाली. "पूर्वा मी आहे. मी येते."